पापणी लवता लवता

मानपुरच्या घरी ओट्यावर आई मटाराच्या शेंगा सोलत बसली होती आणि माझ्या मोबाइलच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्याभोवती एक हिरवा चौकोन नाचत होता. ती ताटाकडे वाकली की चौकोन वाके, शेजारणीला हाक मारायला वळली की चौकोन वळे आणि डोक्यावरचा पदर जरा पुढे आला की बिचारा नाहीसा होई. मी तिला फोन दाखवला. तिनं चष्मा वर सरकवून पाहिलं आणि विचारलं, "हा माझ्यामागं का लागलाय?" वीसेक वर्षं प्रोग्रॅम लिहिण्याच्या धंद्यात काढली, पण चेहरे शोधायच्या आमच्या तंत्राचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलेलं आठवत नाही.

आमच्या वेळी माणसं कॅमेऱ्यामागं लागायची. फोटो काढायचा म्हणजे मानपुरच्या नाक्यावर उभं राहून, आग्रा-मुंबई रस्त्यावरचे ट्रक मोजत, महूच्या बसची वाट पाहायची. बसमध्ये जागा असली तरी उभ्यानं जायचं, कारण इस्त्री मोडली की दिवस फुकट. महू छावणीचं गाव, त्यामुळे स्टुडिओंना तोटा नव्हता. पण आमचा ठरलेला होता. आत खुंटीवर सगळ्या गावासाठी एकच कोट, एकच टाय आणि दोरीला बांधलेली एकच फणी. मागच्या रंगवलेल्या पडद्यावर तळं, तळ्यात हंस आणि हंसाच्या मानेवर आधीच्या गिऱ्हाइकांच्या डोक्यांच्या तेलाचा डाग. फोटोग्राफर काळ्या कापडात शिरायचा, बाहेर यायचा, दोन बोटांनी आमची हनुवटी धरून एक सूत वर, अर्धं सूत डावीकडे करायचा आणि पुन्हा कापडात शिरायचा. मग आतून हुकूम यायचा, "साँस रोको. पलक मत झपकाना." आम्ही श्वास रोखायचो. आईबाबा रोखायचे. दारात ताटकळणारं पुढचं गिऱ्हाईकसुद्धा उगीचच श्वास रोखून उभं राहायचं.

आता कुणी श्वास रोखत नाही. फोनचा कॅमेरा सेकंदाला साधारण 30 चित्रं आमच्या प्रोग्रॅमकडे लोटत असतो. आम्ही त्यातलं एक उचलतो, चेहरा आहे का बघतो आणि ते बघून होईपर्यंत आलेली बाकीची सरळ टाकून देतो. टाकून दिली नाहीत तर फोन तापतो आणि चौकोन माणसाच्या मागं दोन पावलं रेंगाळतो. हनुवटीला हात कुणी लावत नाही. मान किती अंशांनी वळली, किती अंशांनी कलली ते आकडे आपोआप येतात. पूर्वी 36 फोटोंचा एक रोल बारशापासून दिवाळीपर्यंत पुरवायचा आणि शेवटचे दोन 'असू दे' म्हणून राखायचे. आज तेवढी चित्रं सव्वा सेकंदात येतात आणि त्यातली बरीचशी कुणी न पाहताच जातात.

म्हणून जुनं ते सोनं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या स्टुडिओतल्या फोटोंमध्ये आम्ही सगळे चोरीच्या आळाखाली पकडल्यासारखे दिसतो. कुणी हसलेलं नाही, कारण हसू टिकवून धरता येत नाही. आठ दिवसांनी पावती घेऊन जावं तर पाकिटातून डोळे मिटलेले आपणच बाहेर पडायचो आणि फोटोग्राफर वर आपल्यालाच रागवायचा. मुलीचा 'दाखवायचा' फोटो असला तर आधी अफगाण स्नोचा थर आणि नंतर निगेटिव्हवर पेन्सिलीचा हात. आमच्या एका मावशीचा असा फोटो पाहून मंडळी आली आणि तिला पाहून गेली. कॅमेरा खोटं बोलत नाही असं तेव्हा म्हणत; महूचा तो कॅमेरा मात्र सांगाल ते बोलायचा.

पुतळा होऊन बसण्याची ही शिस्त इंदूरच्या मुलखाला नवी नाही. पुढे राजा दीनदयाळ म्हणून नावाजलेले लाला दीनदयाळ मूळचे इंदूरच्या बांधकाम खात्यातले. 1874च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो इथेच. तुकोजीराव होळकर आणि ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डेली यांचं पाठबळ त्यांना मिळालं. त्या काळच्या काचा इतक्या मंद, की बसणाऱ्याला काही सेकंद निश्चल राहावं लागे. डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावायची रीत तर जगभर होती. म्हणजे स्वतःच्या जिवंतपणाची खूण मागं ठेवायची, तर आधी काही क्षण मेल्यासारखं बसायचं. आमच्या महूच्या फोटोग्राफरपर्यंत चिमटा गळून पडला होता, हुकूम तेवढा उरला होता.

आता माझ्याकडे जे अ‍ॅप आहे ते एका संस्थेच्या हजेरीचं. संस्थेची माणसं खेड्यापाड्यांत फिरतात. सकाळी जिथं असतील तिथं फोनसमोर चेहरा धरायचा, चौकोन हिरवा झाला की हजेरी लागली. साहेबांकडे आयफोन, फिरणाऱ्यांकडे मिळतील ते स्वस्तातले अँड्रॉइड. त्यामुळे अ‍ॅप दोन्हीकडे चालायला हवं आणि चेहरा त्याच क्षणी सापडायला हवा. "साधंच काम आहे हो, चेहरा तर शोधायचाय," असं मला सांगण्यात आलं.

चेहरा शोधणं साधं कधीच नव्हतं. आम्हाला ते साधं नाही हे माहीत होतं, एवढाच काय तो आमचा अभिमान. नव्वदीच्या दशकात इंदूरला इंजिनिअरिंग करून निघालेली आमची पिढी. 2001 साली पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स या दोघांनी एक युक्ती मांडली. आमच्यापर्यंत ती तीन-चार वर्षांनी, ओपनसीव्ही नावाच्या फुकट मिळणाऱ्या साहित्यातून पोहोचली. युक्ती अशी, की डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळपट असतो आणि नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ. चित्रावर काळे-पांढरे आयत ठेवायचे, एकाखालची बेरीज दुसऱ्याखालच्या बेरजेतून वजा करायची आणि फरक पुरेसा आला तर पुढे जायचं. 24 गुणिले 24 ठिपक्यांची खिडकी चित्रभर सरकवत न्यायची आणि प्रत्येक ठिकाणी एकाखाली एक अशा 38 चाळण्यांतून गाळायची. कोंडा वरच्या वर उडून जातो, शेवटी उरतो तो चेहरा. 700 मेगाहर्ट्झच्या पेंटियम थ्रीवर 384 गुणिले 288 ठिपक्यांची चित्रं सेकंदाला 15. हे आकडे आम्ही गावसकरांच्या धावांसारखे तोंडपाठ म्हणायचो.

त्या आयतांचं गणित आल्फ्रेड हार या हंगेरियन गणितज्ञाच्या नावानं ओळखलं जातं. 'हार लावला का?' असं ऑफिसात एकमेकांना विचारायचो आणि नवीन आलेली मुलगी दचकायची. रात्री मशीन नव्या चित्रांवर शिकायला बसवायचं आणि ते शिकेस्तोवर आम्ही सराफ्यात. दिवसा जिथं सोनं विकतात तिथं रात्री भुट्ट्याचा कीस खायचा, थंडीत गराडू खायचे आणि डोळे महत्त्वाचे की नाक यावर वाद घालायचे. पहाटे परत यावं तर पडद्यावर आकडे अजून सरकत असायचे. मग पोहे, त्यावर शेव, वर जिरावण, शेजारी जिलबी. सकाळी साडेनऊला निकाल : आमच्या हारानं साहेबांचा चेहरा ओळखला नव्हता, पण भिंतीवरच्या विजेच्या बटणाला माणूस मानलं होतं. मान वळवली की चेहरा गायब, दाढी असली की गायब, संध्याकाळचे दिवे लागले की सगळेच गायब. आज ते रात्रीचे सराफ्याचे फेरे आठवून गळा दाटतो. त्या वेळी मात्र चाचणीला दुपारी येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या आठवणीनं पोटात गोळा यायचा.

आता हार लावावा लागत नाही. गूगलनं 2018च्या मे महिन्यात एमएल किट हे तयार साहित्य आणलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन्हीकडे चालणारी अ‍ॅप लिहायच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आली आणि आमचं सगळं रात्रीचं जागरण एका फाइलीतल्या एका ओळीत जाऊन बसलं. ती ओळ लिहायची, एक कमांड द्यायची, चहा आणायला उठायचं. चहा यायच्या आत चेहरा सापडलेला असतो. नुसता सापडत नाही, डोळे कुठं, नाक कुठं, गाल कुठं, माणूस हसत असण्याची शक्यता किती, उजवा डोळा उघडा असण्याची शक्यता किती, हे सगळं शून्य ते एकच्या आकड्यांत हाती येतं. आमच्या ऑफिसातल्या तेवीस वर्षांच्या मुलाला मी विचारलं, "हा चेहरा आहे हे त्याला कसं कळलं?" तो म्हणाला, "सर, मॉडेल आहे ना." मी खूप पोक्तपणे मान हलवली. मलाही त्यापेक्षा जास्त सांगता आलं नसतं.

आणि हेही खरं, की हे मॉडेल आमच्या हारापेक्षा सरस आहे. दाढीवाला सापडतो, चष्मेवाला सापडतो, कंदिलाच्या उजेडातला सापडतो. आमच्या युक्तीत कारण होतं आणि चेहरा निसटायचा. यांच्याकडे चेहरा हाताला लागतो आणि कारण निसटतं. गिऱ्हाइकाला यातलं काय हवं असतं ते मला विचारू नका.

दोन्हीकडे चालणारं अ‍ॅप, हे स्वप्नही जुनंच. 1995 साली जावा ही प्रोग्रॅमची भाषा आली तीच मुळी 'एकदा लिहा, कुठेही चालवा' म्हणत. आम्ही एकदा लिहिलं आणि प्रत्येक फोनवर वेगवेगळ्या रीतीनं बिघडवलं. कितीएक नोकियांचा अख्खा पडदा 128 गुणिले 128 ठिपक्यांचा. त्यात मेन्यू, त्यात बॅटरीचं चिन्ह आणि उरलेल्या जागेत आमची प्रतिभा. पुढे स्मार्टफोन आले तेव्हा एकच अ‍ॅप दोनदा लिहायचो, अँड्रॉइडचं एका खोलीत, आयफोनचं दुसऱ्या खोलीत. दोन्ही खोल्यांत एकमेकींबद्दल सासर-माहेरासारख्या भावना होत्या. बटण एकीकडे डावीकडे निघालं की दुसरीकडचे लोक सुस्कारा टाकून म्हणायचे, "त्यांच्याकडे असंच असतं."

आता एकच खोली, एकच भाषा, एकच प्रोग्रॅम. पण कॅमेऱ्यापाशी आलं की जुनी भांडणं उंबऱ्यावर उभीच असतात. अँड्रॉइड चित्र देतो ते उजेड वेगळा आणि रंग वेगळा अशी फोड करून. आयफोन देतो तो प्रत्येक ठिपक्याचा निळा, हिरवा, तांबडा एकत्र बांधून. फोन उभा धरला तरी आतला कॅमेऱ्याचा संवेदक बहुधा आडवा बसवलेला, म्हणून चित्र आधी फिरवायचं. समोरचा कॅमेरा आरशासारखं दाखवतो, म्हणून डाव्याचं उजवं करायचं. एक अंक चुकला की चौकोन आईला सोडून ओट्याच्या खांबाला जाऊन चिकटतो. तो चिकटलाही. "खांबाची हजेरी लागली," आई म्हणाली. मजेची गोष्ट अशी, की चेहरे शोधण्यासाठी गूगलच्या संशोधकांनी 2019 साली जे ब्लेझफेस नावाचं चपळ मॉडेल मांडलं, ते तुमच्या लाखो ठिपक्यांच्या चित्राचं आधी चिमुकलं 128 गुणिले 128 करून घेतं. त्या नोकियाच्या पडद्याएवढंच. चेहरा ओळखायला फार काही लागत नाही, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्या पडद्याला एवढ्या शिव्या दिल्या नसत्या.

खरं तर दोन यंत्रणांवर एकच प्रोग्रॅम चालवणं आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांना शिकवायला नको. मानपुर स्वतःच तसलं गाव. चहूकडे संस्थानं आणि मधे इंग्रजांच्या थेट अमलाखालचा एक चिमुकला परगणा. आम्ही घरात मराठी बोलायचो, बाजारात माळवी, शाळेत हिंदी. आत प्रोग्रॅम एकच, वरचा पडदा बदलायचा. पुण्याला गेलो की मावसभाऊ म्हणायचे, "तू मराठी हिंदीत बोलतोस." इंदुरात मित्र म्हणायचे, "भिया, तेरी हिंदी में मराठी आ रही है." दोन्हीकडे चालायचो आणि दोन्हीकडे चौकोन जरा सरकलेला असायचा. आताची आमची मुलं तिन्हींच्या ऐवजी चौथीतच बोलतात. त्यांचा चौकोन कुठंच सरकत नाही. त्याचा आनंद मानायचा की नाही, यावर घरात एकमत नाही.

यंत्र चुकलं की आता आम्ही तक्रार नोंदवतो, तिला नंबर देतो आणि कुणाला तरी ती दूर करायला सांगतो. बटणाला माणूस मानलं, ही चूक. फणसात चेहरा पाहिला, ही चूक. पण याच इंदुरात विष्णू चिंचाळकर गुरुजी होते. 1917 साली जन्मलेला हा चित्रकार वाळक्या पानात, मोडक्या फांदीत, फेकलेल्या डब्यात चेहरे पाहायचा. एखादं मूळ उचलायचं, जरा फिरवायचं, एखादी काडी लावायची, की त्यातून म्हातारी डोकवायची, पक्षी मान वळवायचा. मुलांना घेऊन बसत आणि बघायला शिकवत. गुरुजी गेले त्याला आता पाव शतक झालं. आमच्या मॉडेलनं वाळक्या पानात चेहरा पाहिला तर आम्ही त्याला आणखी लाखभर पानं दाखवून ती खोड मोडू. त्याशिवाय इलाज नाही, हेही मान्य. उद्या झाडाच्या खोडाला पगार सुरू झाला तर मलाच उत्तर द्यावं लागेल. तरी जे दिसणं इंदूर डोक्यावर घ्यायचं, ते दुरुस्त करण्याचे पैसे मला मिळतात, याचं मधूनच कसंसं होतं.

आमच्या लहानपणी चेहरा शोधणारी यंत्रणा गल्लीच्या तोंडाशी पारावर बसलेली असायची. तिला वीज लागत नसे आणि ती रविवारीही बंद नसे. नवखा पोरगा दिसला की हाक यायची, "काय रे, कोणाचा तू?" नाव सांगितलं की आडनाव, आडनाव सांगितलं की गाव, गावावरून आजोबा आणि आजोबांवरून त्यांनी कुणाचे किती बुडवले ते. नाक पाहून घराणं सांगणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. चुकलेलं पोर त्यामुळे संध्याकाळी घरी पोहोचायचं आणि सिनेमाला गेलेलं पोर घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचायची.

आजची यंत्रणा असलं काही विचारत नाही. माझ्या अ‍ॅपमधला चौकोन फक्त एवढंच म्हणतो, की इथं एक चेहरा आहे. तो कोणाचा, हे ठरवणारा प्रोग्रॅम निराळा, त्याचं काम निराळं. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि मी दर वेळी समजावतो. समजावताना मनात येतं, की पारावरच्यांना हे दोन भाग वेगळे करता आले असते तर किती बरं झालं असतं. कारण 'कोणाचा तू' या प्रश्नाच्या पोटात 'कोणत्या जातीचा तू' हा प्रश्न बसलेला असायचा आणि उत्तर ऐकून पाण्याचं भांडं पुढे यायचं किंवा मागे जायचं. याच महूत 1891 साली बाबासाहेब जन्मले. त्या प्रश्नाची किंमत त्यांच्याइतकी कुणी मोजून सांगितली नाही. पार गेला म्हणून हळहळताना हे विसरायचं नसतं. आम्ही हळहळतो आणि बहुधा विसरतो.

मात्र नव्या यंत्राला रंग कळत नाही, असं समजून कुणी निश्चिंत होऊ नये. अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या जॉय बुओलाम्विनी या सावळ्या मुलीचा चेहरा तिथल्या प्रोग्रॅमला दिसेना. तिनं पांढरा मुखवटा लावला तेव्हा कुठं चौकोन उमटला. मग 2018 साली तिनं आणि टिमनिट गेब्रू यांनी बाजारातल्या यंत्रणा तपासल्या. चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे ओळखताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका जेमतेम 0.8 टक्के, तर सावळ्या बायकांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. ते वाचलं तेव्हा मला मावशीचा दाखवायचा फोटो आठवला. तिला स्नो लावला, हिला मुखवटा लावावा लागला. एवढ्या वर्षांत डबी तेवढी बदलली.

नोव्हेंबर आला की मानपुरात सीताफळं येतात आणि आमच्या घरी हयातीच्या दाखल्याची आठवण निघते. बाबा रेल्वेत होते, महूला. निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरात ते स्वच्छ धोतर नेसून, टोपी झटकून बँकेत निघायचे. आपण जिवंत आहोत हे सांगायला स्वतः जिवंत हजर राहायचं आणि तरी कागदावर 'मी हयात आहे' असं लिहून द्यायचं. खिडकीतला माणूस चष्म्यावरून एकदा पाहायचा. ती त्या काळची चेहरा-तपासणी. एक कटाक्ष, एक शिक्का. पण खरा कार्यक्रम बाहेरच्या बाकावर. जुने गार्ड, जुने तारमास्तर, जुने तिकीटबाबू एकमेकांची हजेरी घ्यायचे. "अमका दिसला नाही?" "दुपारी येईल." "तमका?" मग कुणीतरी नुसती मान हलवायचं. चहा यायचा, एक कप कमी मागवलेला असायचा. बाबा सीताफळांची पिशवी घेऊन परतायचे आणि आईला बातम्या सांगायचे, बहुतेक वाईट, पण मोठ्या तपशिलानं.

हयातीचा दाखला 2014पासून बोटाच्या ठशावर मिळू लागला. बाबांमागे पेन्शन आईला मिळू लागली, पण तिच्या बोटांवर साठ वर्षांच्या राखेनं आणि भांड्यांनी रेषाच ठेवल्या नाहीत. यंत्र तिला पुनःपुन्हा 'जुळत नाही' म्हणायचं आणि ती माझ्याकडे पाहायची. 2021च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून दाखला मिळायची सोय झाली. आता ती ओट्यावरच बसते, मी फोन धरतो, गोल वर्तुळात चेहरा येतो, डोळ्यांची उघडझाप करा म्हणून सूचना येते. ती करते. झाली हयात. दोन मिनिटांत परत शेंगांकडे वळते. पूर्वी अर्धांग झालेल्या माणसांना रिक्षात घालून बँकेच्या दारी आणायचे आणि आतल्या माणसानं बाहेर येऊन रिक्षात डोकवायचं. ते ज्यानं पाहिलंय त्यानं या फोनला नमस्कारच करावा. मी करतो. फक्त आईला आता कळत नाही, की या वर्षी कोण आलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझं हजेरीचं अ‍ॅप सुरू झालं आणि महिनाभरात एक मौज उघडकीला आली. कुणी सुट्टीवर असलं की त्याचा मित्र त्याचा फोटो फोनसमोर धरायचा. चौकोन हिरवा, हजेरी पक्की. साहेब संतापले. मला मात्र क्षणभर भरून आलं. कॉलेजात आम्ही पाच जणांसाठी पाच आवाजांत 'यस सर' म्हणायचो. त्यातला एक आवाज इतका बेमालूम होता की खरा विद्यार्थी आला त्या दिवशी सरांनी त्यालाच बाहेर काढलं. तीच विद्या नव्या पिढीनं नव्या यंत्रावर चालवलेली पाहून कोणत्या गुरूला आनंद होणार नाही? पण पगार माझा साहेबांकडून, त्यामुळे आनंद गिळला आणि अट लिहायला बसलो : चेहरा दिसला एवढं पुरत नाही, पापणी लवली पाहिजे. डोळा उघडा असण्याचा आकडा वरून खाली आला, पुन्हा वर गेला, तरच माणूस. दहा सेकंदांत तसं झालं नाही, तर पडद्यावर वाक्य येईल, 'जिवंत चेहरा नाही'.

अट तपासायला फोटो हवा होता. मानपुरच्या घरात भिंतीवर तो आहेच. महूच्या स्टुडिओतला, बाबांचा, चंदनाचा हार घातलेला. त्याची कथा घरात सगळ्यांना पाठ. बाबांना पापणी आवरता यायची नाही. 'पलक मत झपकाना' म्हटलं की नेमकी लवायची. तीन निगेटिव्ह वाया गेल्या, फोटोग्राफर कापडातून बाहेर येऊन ओरडला, बाबा ओशाळले, आईला हसू आवरेना. चौथ्या वेळी त्यांनी असे डोळे ताणले की फोटोत ते कायमचे दचकलेले राहिले आहेत. आम्ही मुलांनी त्यावरून त्यांची किती थट्टा केली असेल. दुसरा बरा फोटो नव्हता, म्हणून तोच भिंतीवर गेला.

मी फोन वर धरला. चौकोन लगेच उमटला. हाराला जराही न अडखळता. उजवा डोळा उघडा, 0.98. डावा डोळा उघडा, 0.97. खाली माझीच सूचना आली, 'डोळ्यांची उघडझाप करा'. मी वाट पाहिली. ज्या माणसाला एवढं दटावूनही पापणी आवरत नव्हती, तो माणूस दहा सेकंद एकटक माझ्याकडे पाहत राहिला. मग वाक्य आलं. अक्षरं माझी, रंग मी निवडलेला, तांबडा. चाचणी यशस्वी.

ते वाक्य मी नंतर बदललं. 'पुन्हा प्रयत्न करा' असं केलं. साहेबांना ते जास्त सभ्य वाटलं.

पण त्या दुपारी मी फोन खाली घेतला नव्हता. आई शेंगांचं ताट बाजूला ठेवून उठली. "काचेवर किती धूळ बसलीय, फोटोत दिसेल," म्हणत पदराचं टोक घेऊन मधे आली. बाबांवरचा चौकोन सुटला आणि तिच्या चेहऱ्यावर येऊन बसला. धुळीनं तिची पापणी लवली. फोन हिरवा झाला आणि म्हणाला, हजर.